एफवाय झालं, आता कॉलेज बदलायचंय: कोणत्या वाटेने किती क्रेडिट सोबत येतात?

पहिल्या वर्षाचा म्हणजे एफवायचा निकाल लागला की पुढचे काही आठवडे अनेक घरांत एकच विषय चालतो: याच कॉलेजात राहायचं की बदलायचं? कारणं खरी असतात. वडिलांची बदली झालेली असते, शहरातलं हॉस्टेल परवडेनासं होतं, हवा तो विषय इथे मेजर, म्हणजे मुख्य विषय म्हणून मिळत नाही, किंवा बारावीनंतर घाईघाईत मिळेल तिथे प्रवेश घेतलेला असतो आणि वर्षभर मन रमलेलं नसतं. मी एका पदवी महाविद्यालयात शिकवते आणि बाहेरून येणाऱ्या विद्यार्थ्यांचे कागद तपासणाऱ्या समितीत बसते. तिथे पाहिलेली गोष्ट आधीच सांगून टाकते. ज्यांचं वर्ष वाया जातं, त्यांतल्या बहुतेकांकडे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे श्रेयांक, पुरेसे असतात. त्यांनी एलसी (कॉलेज सोडल्याचा दाखला) आधी काढलेली असते आणि विषय जुळतात का याची चौकशी नंतर केलेली असते.

हा आढावा महाराष्ट्रात बीए, बीकॉम, बीएस्सी करणाऱ्यांसाठी आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी, विधी यांचे नियम त्या त्या परिषदा आणि सीईटी कक्ष ठरवतात, त्यामुळे त्यांना इथलं गणित लावू नका.

एबीसी खात्यात क्रेडिट दिसतात, म्हणजे नेमकं काय?

अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स म्हणजे एबीसीचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने म्हणजे यूजीसीने जुलै २०२१ मध्ये काढले. खातं डिजिलॉकरमधून उघडतं आणि आता ते अपार आयडीशी, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या शैक्षणिक ओळख क्रमांकाशी, जोडलेलं असतं. त्यात क्रेडिट फक्त तुमचं विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज जमा करू शकतं; तुम्ही स्वतः मार्कशीट अपलोड करून चालत नाही. जमा झालेले क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं ग्राह्य राहतात आणि एका पदवीसाठी एकदा वापरले की पुन्हा दुसरीकडे वापरता येत नाहीत.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. गैरसमज पुढे सुरू होतो. खात्यात ४४ क्रेडिट दिसताहेत म्हणजे कोणतंही कॉलेज आपल्याला थेट एसवायला म्हणजे दुसऱ्या वर्षाला घेईल, असं मुलं धरून चालतात. एबीसी फक्त इतकंच सांगते की हे क्रेडिट तुम्ही खरोखर मिळवलेत. त्यातले किती क्रेडिट आपल्या पदवीत धरायचे, हे नवं विद्यापीठ विषय तपासून ठरवतं. म्हणून कोणत्याही वाटेचा विचार करताना दोन आकडे वेगळे ठेवा: खात्यात किती आहेत, आणि तिकडे किती मानले जाणार आहेत.

आणखी एक काम आजच करा. खातं उघडून पाहा. दुसऱ्या सेमिस्टरचे क्रेडिट बऱ्याचदा उशिरा चढतात. आधार आणि मार्कशीटवरच्या नावात एका अक्षराचा फरक असला तरी ते अडकून बसतात, आणि ही दुरुस्ती जुन्या कॉलेजातूनच होते. एकदा तिथून बाहेर पडलात की हेलपाटे वाढतात.

वाट पहिली: विद्यापीठ तेच, कॉलेज दुसरं

सर्वांत सोपी वाट हीच. बारामतीहून पुण्याला किंवा नाशिकहून अहिल्यानगरला जायचं असेल आणि दोन्ही कॉलेजं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न असतील, तर पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) तोच राहतो, अभ्यासक्रम तोच, परीक्षा त्याच विद्यापीठाची. पहिल्या वर्षाचे क्रेडिट जसेच्या तसे पुढे चालतात. एटीकेटी (नापास विषय बाकी ठेवून पुढच्या वर्षात जाण्याची सवलत) असेल तर तीही सोबत येते. नियमात बसत असेल तर तेवढ्यावरून प्रवेश अडत नाही.

अडचण येते ती जागेची आणि विषयाची. एसवायला जागा रिकामी हवी आणि तुमचा मेजर त्या कॉलेजात शिकवला जात असला पाहिजे. विद्यापीठाच्या यादीत विषय आहे म्हणून तो प्रत्येक कॉलेजात असतोच असं नाही. मानसशास्त्र, भूगर्भशास्त्र, संख्याशास्त्र असे विषय मोजक्याच ठिकाणी असतात. दोन्ही प्राचार्यांच्या ना हरकत पत्रांवर आणि विद्यापीठाच्या मंजुरीवर हे काम होतं.

इथे एक खाचखळगा आहे. फर्ग्युसन किंवा मुंबईचं सेंट झेवियर्स यांसारखी स्वायत्त कॉलेजं पदवी विद्यापीठाची देतात, पण अभ्यासक्रम स्वतः आखतात आणि परीक्षाही स्वतः घेतात. त्यामुळे संलग्न कॉलेजातून स्वायत्त कॉलेजात जायचं असेल तर शहर आणि विद्यापीठ एकच असलं तरी तुम्ही दुसऱ्या वाटेवर आहात असंच समजा.

वाट दुसरी: विद्यापीठच बदलणं

सर्वाधिक प्रश्न इथले येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

महाराष्ट्रात नव्या शैक्षणिक धोरणाची चौकट एकच आहे. एप्रिल २०२३ च्या शासन निर्णयानुसार साधारण २२ क्रेडिटचं सेमिस्टर, ४४ चं वर्ष, १३२ ची तीन वर्षांची पदवी आणि १७६ ची चार वर्षांची ऑनर्स. स्वायत्त कॉलेजांत ती २०२३-२४ पासून आली, संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात ४४ आणि पुण्यातही ४४, मग अडचण कसली, असं वाटणं साहजिक आहे. बेरीज जुळते, पण आतली मांडणी जुळेलच याची खात्री नसते. काही ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्याच वजनाने शिकवतात आणि मेजर दुसऱ्या वर्षी निवडायला लावतात. काही ठिकाणी पहिल्या सेमिस्टरपासूनच मेजर ठरलेला असतो. म्हणजे एका ठिकाणी तुमच्या मुख्य विषयाचे जितके क्रेडिट झाले, त्याहून जास्त दुसऱ्या ठिकाणी पहिल्याच वर्षी अपेक्षित असू शकतात.

समितीत आम्ही काय करतो ते एका उदाहरणाने सांगते. समजा, एका मुलीने एफवाय बीएस्सीला रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र आणि इलेक्ट्रॉनिक्स घेतलं आहे आणि तिला दुसऱ्या विद्यापीठात रसायनशास्त्र मेजर घेऊन एसवायला बसायचं आहे. आम्ही एका कागदावर डावीकडे तिचे विषय लिहितो, उजवीकडे आमचे, आणि प्रत्येकासमोर क्रेडिट. रसायनशास्त्राची युनिटं एकेक करून लावतो: अणुरचना, रासायनिक बंध, सेंद्रियची मूलतत्त्वं. नावं वेगळी असली तरी आशय बराचसा जुळतो. मग प्रात्यक्षिकं. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास आणि प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास, त्यामुळे तिच्याकडे प्रॅक्टिकल एक क्रेडिटचं आणि आमच्याकडे दोनचं असेल तर एक क्रेडिट कमी भरतो. पर्यावरण किंवा संविधानासारखे मूल्यशिक्षणाचे विषय, भाषेचा एईसी, भारतीय ज्ञानप्रणालीचा आयकेएस, ओपन इलेक्टिव्ह, एनएसएस किंवा क्रीडेचे सीसी हे सहसा न अडता पलीकडे जातात, कारण तिथे नेमक्या पाठ्यक्रमापेक्षा विषयाचा गट पाहिला जातो. व्हीएससी म्हणजे व्यावसायिक कौशल्याचा विषय मात्र मेजरला बांधलेला असतो. तिने इलेक्ट्रॉनिक्सची उपकरणं हाताळण्याचा व्हीएससी केला असेल तर तो रसायनशास्त्राच्या जागी बसवता येत नाही. आमच्याकडे इलेक्ट्रॉनिक्स विषयच नसेल तर त्याचे क्रेडिट खात्यात राहतात, पण पदवीच्या बेरजेत येत नाहीत.

अशा प्रकरणात साधारण चित्र असं निघतं: बरेचसे क्रेडिट मान्य, काही शिल्लक. शिल्लक राहिलेले विषय एसवायच्या अभ्यासाबरोबर जादा म्हणून पूर्ण करावे लागतात. चार-सहा क्रेडिट राहिले तर मेहनती विद्यार्थी ते सहज ओढून नेतो. बारा-चौदा राहिले तर मी पालकांना स्पष्ट सांगते की दुसरं वर्ष जड जाईल. प्रॅक्टिकलचे तास, जादा विषय, नवं शहर आणि नवी मेस हे सगळं एकदम अंगावर येतं.

कागदांच्या बाबतीत: एलसी किंवा टीसी, स्थलांतर प्रमाणपत्र (मुलं याला मायग्रेशनच म्हणतात), दोन्ही सेमिस्टरच्या मार्कशीट, ट्रान्सक्रिप्ट, आणि नव्या विद्यापीठाच्या पात्रता विभागाचा म्हणजे एलिजिबिलिटीचा अर्ज. याशिवाय सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे जुन्या अभ्यासक्रमाची प्रत, आणि नेमका तोच कागद मुलं आणत नाहीत. ती तुम्ही शिकलात त्याच वर्षाची हवी. संकेतस्थळावर नव्या बॅचचा सुधारित अभ्यासक्रम चढवलेला असतो आणि मुलं तोच छापून आणतात. मग युनिटं जुळत नाहीत आणि दोष विद्यार्थ्याच्या माथी येतो. कॉलेजच्या शिक्क्यासह तुमच्या वर्षाची प्रत घ्या.

एटीकेटीची मुलं या वाटेवर सहसा अडतात. परीक्षा आणि पीआरएन दोन्ही बदलणार असल्याने जुन्या विद्यापीठातला राहिलेला विषय नव्या ठिकाणी सोडवण्याची सोय बहुतेकदा नसते. आधी विषय सोडवा, मग निघा.

सीमाभागातल्या मुलांसाठी एक वेगळी सूचना. बेळगावहून कोल्हापूरला येणाऱ्यांची संख्या कमी नाही. कर्नाटकाने २०२४-२५ पासून चार वर्षांची ऑनर्स पदवी बाजूला ठेवून पुन्हा तीन वर्षांची पदवी आणली. त्यामुळे तिथल्या पहिल्या वर्षाची मांडणी आणि आपल्याकडची मांडणी यांत मेजर, मायनर (दुय्यम विषय), व्हीएससी असे गट एकास एक लागत नाहीत. समकक्षतेला जास्त वेळ लागतो हे गृहीत धरून निकालाच्या आधीच चौकशी सुरू करा.

पहिल्या वर्षानंतर की दुसऱ्या?

इथे एक हिशेब आहे जो फारसा कुणी करत नाही. एबीसीच्या नियमांनुसार ज्या संस्थेची पदवी घ्यायची, तिथे किमान निम्मे क्रेडिट मिळवावे लागतात. एफवायनंतर विद्यापीठ बदललं तर १३२ पैकी ४४ बाहेरचे आणि ८८ नवे, म्हणजे काही अडचण नाही. एसवायनंतर बदललं तर ८८ बाहेरचे होतात आणि नव्या ठिकाणी फक्त ४४ उरतात. ते निम्म्याहून कमी आहेत, म्हणून तीन वर्षांच्या पदवीत ते बसत नाही. चार वर्षांची ऑनर्स करणार असाल तर मात्र १७६ पैकी ८८ बरोबर निम्मे होतात.

म्हणून माझं मत पक्कं आहे: विद्यापीठ बदलायचं असेल तर एफवायनंतरच. एसवाय झाल्यावर तीन वर्षांच्या पदवीसाठी धडपडू नका. पदवी आहे तिथेच पूर्ण करा आणि एमए किंवा एमएस्सीला हव्या त्या विद्यापीठात जा.

बाकीच्या वाटा, थोडक्यात

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू या दोन वाटा नोकरी लागलेल्या किंवा घरची जबाबदारी आलेल्या मुलांना खरोखर उपयोगी पडतात. इग्नूत दुसऱ्या विद्यापीठाचे क्रेडिट मानून घेण्याची रीतसर योजना आहे आणि जुलै व जानेवारी अशी वर्षातून दोन प्रवेशसत्रं असतात. तिथे एक क्रेडिट म्हणजे स्वतःच्या वाचनासह ३० तासांचा अभ्यास, हे ध्यानात ठेवून तुलना करा. नोकरीसाठी ही पदवी कमी समजली जाते अशी भीती आजही घराघरांत आहे. यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की मान्यताप्राप्त दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मात्र मी ही वाट सहसा सुचवत नाही. रोजच्या प्रयोगशाळेची जागा दुसरं काही भरून काढत नाही.

एक वर्षानंतर थांबायचंच असेल तर नुसतं नाव काढून घेऊ नका. उन्हाळ्यात ४ क्रेडिटचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप पूर्ण केली तर पहिल्या वर्षाचं प्रमाणपत्र मिळतं, ३ वर्षांच्या आत परत येता येतं आणि एकूण ७ वर्षांत पदवी पूर्ण करता येते. घरात आजारपण असेल किंवा पैशांची ओढाताण असेल, तर ही सोय मुलामुलींना माहीत असायलाच हवी. लग्न ठरलं म्हणून एफवायनंतर नाव काढलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. प्रमाणपत्र हातात असतं तर परतीचा रस्ता त्यांना माहीत तरी राहिला असता.

शाखाच बदलायची असेल, म्हणजे वाणिज्यातून संगणकशास्त्राकडे वगैरे, तर पुन्हा एफवायला बसणंच बरं. भाषा, पर्यावरण, ओपन इलेक्टिव्ह अशा विषयांतून सूट मिळते का हे विचारा. मिळाली तर वर्ष थोडं हलकं जातं. पण शिष्यवृत्ती घेत असाल तर आधी नीट चौकशी करा. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत शिक्षणाचा एक टप्पा पूर्ण करून पुन्हा त्याच टप्प्याला वेगळ्या विषयात बसणाऱ्याला लाभ मिळत नाही. शिष्यवृत्तीच्या महाडीबीटी पोर्टलवर अर्ज अडल्यावर समाजकल्याण कार्यालयाच्या पायऱ्या झिजवण्यापेक्षा प्रवेशाआधी एकदा जाऊन विचारून या.

आणि कॉलेज न बदलण्याचाही पर्याय आहे. तक्रार एखाद्या विषयापुरती असेल, हवा तो विषय आपल्याकडे शिकवत नसतील, तर ‘स्वयम्’ या सरकारी ऑनलाइन व्यासपीठावरचा अभ्यासक्रम करून त्याचे क्रेडिट आपल्याच पदवीत घेता येतात. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनी एका सेमिस्टरमध्ये एकूण अभ्यासक्रमाच्या ४० टक्क्यांपर्यंत ही मुभा दिली आहे. मात्र कॉलेजने तो अभ्यासक्रम आधी मान्य केलेला हवा आणि शेवटची परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते.

| वाट | किती क्रेडिट टिकतात | त्रास कुठे | कोणाला जमेल |
|---|---|---|---|
| त्याच विद्यापीठातलं संलग्न कॉलेज | जवळपास सगळे | रिकामी जागा, मेजर उपलब्ध असणं | बदली, हॉस्टेल, प्रवासाचं कारण असलेले |
| दुसरं विद्यापीठ किंवा स्वायत्त कॉलेज | गटाचे विषय सहज, मेजर आणि व्हीएससी तपासून | समकक्षता, मायग्रेशन, जादा विषय | एटीकेटी नसलेले, एफवाय नुकतंच झालेले |
| मुक्त विद्यापीठ | योजनेनुसार | स्वतः अभ्यास करण्याची सवय | नोकरी करणारे, बीए आणि बीकॉमचे |
| प्रमाणपत्र घेऊन थांबणं | सगळे खात्यात राहतात | ४ जादा क्रेडिट, ३ वर्षांची मुदत | नाइलाजाने थांबावं लागणारे |
| पुन्हा एफवाय | फार थोडे | वर्ष आणि शिष्यवृत्ती | शाखा बदलणारे |

ठरवताना माझा क्रम

घरापासून लांब राहणं अशक्य झालं असेल, तर त्याच विद्यापीठातलं घराजवळचं कॉलेज शोधा. अभ्यासाचं कारण असेल आणि एफवाय स्वच्छ सुटलं असेल, तर विद्यापीठ बदलण्याची तयारी ठेवा, पण शिल्लक क्रेडिटचा आकडा कळल्याशिवाय हो म्हणू नका. मित्रमैत्रिणी तिकडे आहेत एवढंच कारण असेल, तर मी थांबायला सांगेन. नव्या कॉलेजात पहिल्या वर्षी जुळलेले गट एसवायला बाहेरच्याला पटकन सामावून घेत नाहीत आणि मुलं दोन्हीकडून एकटी पडतात.

आता कामाचा क्रम. नव्या कॉलेजात जाऊन विभागप्रमुखांना भेटा, सोबत मार्कशीट आणि शिक्क्यासह अभ्यासक्रम ठेवा. जागा आहे आणि अमुक इतके क्रेडिट मान्य होतील असं पत्र मागा. ते मिळेपर्यंत जुन्या कॉलेजात एसवायची फी भरण्याची अंतिम तारीख चुकवू नका आणि एलसीचा अर्ज देऊ नका. एलसी काढली की जुनी जागा तुमची राहत नाही. एक लक्षात ठेवा: मूळ मार्कशीट आणि दाखले अडकवून ठेवायला यूजीसीने २०१८ पासून संस्थांना मनाई केली आहे. थकबाकी असेल तर ती वेगळी मागता येते, पण त्यासाठी कागद रोखता येत नाहीत.

अर्ज प्राचार्यांच्या नावे, दोन प्रतींत द्या. एक प्रत आवक विभागात द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का मारून घ्या. अर्जात इतकं असू द्या: तुमचा पीआरएन, अपार आयडी, पहिल्या वर्षाचे विषय आणि प्रत्येकाचे क्रेडिट, हवा तो मेजर, आणि "यांपैकी किती क्रेडिट ग्राह्य धरले जातील व कोणते विषय जादा करावे लागतील हे लेखी कळवावे" ही एक ओळ. उत्तराला आठवडा उलटला तर तोच आवक क्रमांक घेऊन विभागप्रमुखांकडे जा. क्रमांक सांगितला की फाइल सापडते.